सानूरमधले चौदा महिने : बेट चांगलं आहे, पण आधी मीटर बघा

काल रात्री पावणेदोनला मीटर पुन्हा ओरडायला लागला. बालीत आमच्यासारख्या घरांना वीज आधी पैसे भरून घ्यावी लागते. मिनिमार्टमधून किंवा बँकेच्या ॲपवरून टोकन घ्यायचं, वीस आकड्यांचा नंबर मिळतो, तो मीटरच्या बटणांवर आपणच दाबायचा. युनिट संपत आले की मीटर टीट-टीट सुरू करतो आणि नवीन टोकन घालेपर्यंत थांबत नाही. आमचा मीटर अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला आहे. भर पावसात छत्री मानेत धरून, मोबाईलच्या उजेडात वीस आकडे दाबले. पडद्यावर ‘बनार’ आलं, म्हणजे बरोबर. झोप गेलीच होती. वहीत आकडा लिहिला आणि म्हटलं, आता हे लिहूनच टाकू, कारण ठाण्याहून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं की बालीत राहायला कसं वाटतं.

आम्ही ऑक्टोबर 2024 मध्ये इथं आलो. नवरा नुसा दुआच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात आहे. माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर, त्यामुळे मला इथं नोकरी करता येत नाही. एका पगारात घर चालतं, म्हणून माझं लक्ष खर्चावर जरा जास्तच असतं, हे आधीच सांगते. आम्ही चांगूला नाही, सानूरला राहतो. पूर्व किनारा, शांत भाग, म्हातारी माणसं जास्त.

घरभाडं वर्षाचं एकदम, आगाऊ. या बेटाची सगळ्यात वाईट गोष्ट विचाराल तर मी ट्रॅफिक सांगणार नाही, डास सांगणार नाही, हीच सांगेन. पैसे एकदा हातातून गेले की मालकाच्या एजंटला तुमच्या फोनची घाई उरत नाही. तो उद्धट बोलत नाही, इथं कुणीच उद्धट बोलत नाही. ‘नांती’ म्हणतो. नांती म्हणजे नंतर. ‘बेसोक’ म्हणजे उद्या. हे दोन शब्द मला पहिल्या आठवड्यात पाठ झाले.

मीटरचं सांगते. आमचं कनेक्शन 2200 व्हीए, म्हणजे एका वेळी ओढता येणाऱ्या विजेची मर्यादा. एसी आणि इस्त्री एकदम लावली की खटका पडतो. युनिटचा दर 1,444.70 रुपिया आणि वर कर. एक लाखाचं टोकन घेतलं की साठ-पासष्ट युनिट येतात. आपल्या एका रुपयाला साधारण 190 रुपिया धरले तर युनिट आठ रुपयांच्या आसपास पडतं. महाग नाही. पण आमचे रोज अकरा-बारा युनिट जायचे. एक लहान एसी, तोही फक्त रात्री, फ्रिज, दोन पंखे, स्वयंपाक गॅसवर. मला हिशेब लागेना. नवरा म्हणायचा, दमट हवा आहे, एसीला जास्त ओढावं लागतं.

जानेवारी-फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं 2200 व्हीएपर्यंतच्या घरांना वीज निम्म्या दरात दिली. त्याच पैशात दुप्पट युनिट. ते दोन महिने मी खूश होते आणि त्या खुशीत वहीकडे बघितलंच नाही. मार्चमध्ये दर पूर्ववत झाला आणि तेरा दिवसांत दोन टोकनं संपली.

मग 29 मार्चला न्येपी आली. न्येपी म्हणजे बालीतल्या हिंदूंचा शक वर्षाचा पहिला दिवस. आपलाच शक. त्या दिवशी 1947 लागलं आणि दुसऱ्या दिवशी आपला पाडवा होता. या दिवसाचे चार नियम आहेत. अमाती गनी म्हणजे अग्नी नाही, अमाती कार्य म्हणजे काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. मोबाईलचं इंटरनेट बंद. रस्त्यावर फक्त पचालांग, म्हणजे गावचे राखणदार, काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र नेसून फिरतात आणि कुठं दिवा दिसला तर दार वाजवतात. मी आदल्या दिवशीच पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून ठेवली होती. टोकनही आधीच भरलं. सकाळी सहाला मीटर वाचला आणि फ्रिज सोडून सगळं बंद केलं.

ती रात्र मी आयुष्यात विसरणार नाही. अमावास्येला लागून येतो हा दिवस, त्यामुळे चंद्र नाही. लाखो माणसांच्या बेटावर एक दिवा नाही, एका स्कूटरचा आवाज नाही. आम्ही दोघं अंगणात चटई टाकून पडलो होतो. लहानपणी गुहागरला लाईट जायची तेव्हा असं आकाश दिसायचं, त्यानंतर थेट इथंच दिसलं. फक्त हे बघायला बालीला यावं, असं मी मनापासून सांगते.

सकाळी सहाला मीटर वाचला. चोवीस तासांत 5.2 युनिट गेले होते.

फ्रिजचे फार तर दीड-पावणेदोन. बाकीचे कुठं गेले? पाडव्याची गडबड होती, पण मी आधी आतल्या बोर्डावरचे सगळे खटके खाली पाडले. फ्रिजही बंद. बाहेर येऊन बघते तर मीटरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकतोच आहे. वीज वापरली जात असली की तो लुकलुकतो आणि जितका वापर जास्त तितका भरभर. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडच्या गेस्टहाऊसमध्ये कुणीतरी शॉवर सुरू केला, मागच्या बाजूला बोअरचा पंप घूं करून चालू झाला आणि लाल दिवा इतका भरभर लुकलुकायला लागला की मोजता येईना. दोन्ही घरांना पाणी देणारा पंप आमच्या मीटरवर होता. वायर आमच्या बोर्डाच्या आधीच काढून घेतलेली. चार खोल्यांच्या गेस्टहाऊसमधल्या पाहुण्यांच्या आंघोळीचे पैसे सहा महिने आम्ही भरत होतो.

पाडवा मात्र चुकवला नाही. गुढीला बांबू शेजारून मिळाला. सानूरमधल्या एका गावाचं नावच इंतारान आहे आणि बालीत इंतारान म्हणजे कडुलिंब. डहाळी मिळाली. साखरेच्या गाठी कुठून आणणार, ताडगुळाचे खडे ओवले. घरमालकाची आई समोरच्या घरात राहते, मी तिला इबू म्हणते. ती गुढीकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “पेंजोर?” गालुंगानच्या सणाला इथं दारोदार वाकवलेले, सजवलेले बांबू उभारतात, ते पेंजोर. मी म्हटलं, हो, आमचा पेंजोर. तिनं चानांग, म्हणजे नारळाच्या पानाच्या द्रोणातली फुलं, आणून गुढीच्या पायाशी ठेवलं.

एजंटशी त्यानंतर सात आठवडे गेले. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. नांती. एकदा म्हणाला, पाणी तर तुम्हीही वापरता. वापरतो ना, म्हणून तर मी पूर्ण पैसे मागत नव्हते. वहीतून हिशेब केला : पंपाचे रोजचे साडेतीन युनिट, त्यातले दोन तृतीयांश गेस्टहाऊसचे, जानेवारी-फेब्रुवारी निम्म्या दरानं धरलेले. मेअखेर सव्वासात लाख रुपिया निघाले, म्हणजे आपले 3,800. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण नवरा रात्री अकराला थकून घरी यायचा आणि पैसे वाचवायला आम्ही एसी बंद करून झोपायचो. तिकडं पाण्यासारखा पैसा जात होता आणि तो आमचा होता.

शेवटी मी वही घेऊन इबूकडे गेले. तिला वाचता येतं की नाही माहीत नव्हतं, म्हणून तिला हात धरून मीटरपाशी आणलं, खटके पाडले आणि दिवा दाखवला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा इलेक्ट्रिशियन घेऊन आला, पंप गेस्टहाऊसच्या मीटरवर गेला, आणि संध्याकाळी पाकिटात पुरे सव्वासात लाख आले. त्या दिवसापासून माझं या मीटरबद्दलचं मत बदललं. आधी मी ठाण्यातल्या मैत्रिणींना सांगायचे की आपलं महिन्याचं बिल बरं. महिन्याचं बिल असतं तर मला हे कधीच कळलं नसतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही दुसऱ्या वर्षाचे पैसे भरले ते इबूच्या भरवशावर, एजंटच्या नाही. रात्री दोनला ओरडण्याची खोड मात्र मला अजूनही मान्य नाही.

विजेचंच चाललंय तर उरलेलंही सांगते. 2 मे 2025 ला दुपारी चारच्या सुमारास अख्ख्या बेटाची वीज गेली ती पहाटेपर्यंत पूर्ण आली नाही. इथली काही वीज जावाहून समुद्राखालच्या केबलनं येते. लाईट गेली याला इथं ‘माती लाम्पू’ म्हणतात, शब्दशः दिवा मेला. पंप बंद म्हणजे पाणी बंद, म्हणून दोन बादल्या भरलेल्या हव्यातच. जून ते सप्टेंबर पतंगांचा मोसम. एकेक पतंग दहा-दहा माणसांनी धरायचा, पाठीवर गुवांगान नावाचं धनुष्य, त्याची घूं-घूं रात्रभर आकाशातून ऐकू येते. मला ती आवडायला लागली आहे. पण पतंग तारांवर पडले की वीज जाते, आणि 2024 च्या जुलैमध्ये तर पतंगाच्या दोरीत अडकून पर्यटकांचं हेलिकॉप्टर पडलं. माणसं वाचली.

बुरशीबद्दल कोकणातल्या माणसाला काही सांगायला नको. चामड्याच्या चपला आणू नका, रेशमी साड्या घरीच ठेवा. पिण्याचं पाणी 19 लिटरच्या गालोनमधलं. भटक्या कुत्र्यांपासून जपा, 2008 पासून इथं रेबीज आहे. डेंग्यू आपल्यासारखाच.

बसबद्दल एक गोष्ट लिहायचीच आहे. देनपसारमधून जाणारी शहर बस 4,400 रुपियात, म्हणजे पंचवीस रुपयांच्या आत, थंडगार नेते. मी तिच्यावर अवलंबून होते. 1 जानेवारी 2025 ला ती बंद पडली. जवळजवळ चार महिने मी बाजाराला ॲपवरच्या स्कूटरनं गेले, बसच्या कित्येक पट पैसे देऊन. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून जाते-येते, पण या बेटावर आज जे स्वस्त मिळतं ते उद्या मिळेलच असं मी आता धरत नाही.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, झाले नाहीत. पासार सिंदू या बाजारात ताजा नारळ समोर खवून देतात. ते बघून पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विळीवर बसून खवण्यात माझ्या आईचा जन्म गेला. धने, जिरे, चिंच सगळं मिळतं. पोहे आणि कोकम मात्र घरून आणावे लागतात, आणि दुकानातलं साधं पीठ म्हणजे मैदा, कणीक शोधावी लागते. शाकाहारी असाल तर साम्बल, म्हणजे इथली मिरचीची चटणी, विचारून घ्या. त्यात बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला खर्डा.

समुद्र? रोज पहाटे सहाला जाते. बाहेर प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आत लाटा नाहीत, ओहोटीला पाणी पार लांब जातं. आकाश स्वच्छ असलं तर ईशान्येला आगुंग ज्वालामुखी दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिम वाऱ्यानं कुटा-जिंबारानला प्लास्टिकचे ढीग येतात, सानूरला ते तसे येत नाहीत. आणि इथं आकाश मोकळं आहे. साठच्या दशकात सानूरला जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून दहा मजली बाली बीच हॉटेल बांधलं, ते लोकांच्या डोळ्यांत इतकं खुपलं की नंतर नियमच झाला : माडापेक्षा उंच काही बांधायचं नाही, म्हणजे 15 मीटर. ठाण्यात आमच्या खिडकीतून समोरची खिडकी दिसायची. इथं माडाच्या वर फक्त ढग.

पण माडाइतक्याच उंचीची का होईना, बांधकामं वाढताहेत. भातखाचरं जाऊन व्हिला होताहेत, आणि 10 सप्टेंबर 2025 च्या पुरात देनपसारच्या नदीनं बाजारपेठ बुडवली, माणसं गेली. आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी होतं. मीटर कमरेच्या उंचीवर आहे, म्हणून वाचला.

राहायला यायचं असेल तर या. फक्त वर्षाचे पैसे देण्याआधी त्या घरातले सगळे खटके स्वतःच्या हातानं पाडा आणि बाहेर येऊन मीटरचा लाल दिवा बघा. पाच मिनिटं तिथंच उभं राहा. शेजारी कुणीतरी नळ उघडेपर्यंत थांबता आलं तर आणखी चांगलं.