समुद्राकाठी मॅरेथॉन धावायची, तर कुठली? रत्नागिरी, वसई-विरार की मुंबई

दिवाळीत कोल्हापूरहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, पहिली मोठी रेस धावायची ठरवलीय आणि ती समुद्राकाठीच धावायचीय. तुझ्याकडे रत्नागिरीला येऊ, का मुंबईला फुल मॅरेथॉन मारू?" दोन वर्षं ती रंकाळ्याला नेमाने धावतेय, महिन्यातून एकदा वीस-बावीस किलोमीटरही करते. मी तिला विचारलं, "तुझे शेवटचे पाच किलोमीटर किती वाजता पडतील?" तिने वेग सांगायला सुरुवात केली. मला घड्याळातली वेळ हवी होती. सकाळचे आठ, नऊ की दहा?

कोकणात शर्यत निवडायची ती याच प्रश्नावरून. फोटो, मेडल, टी-शर्ट हे नंतर बघता येतं.

आधी हवा बघू, कारण बाकीचं तिच्यावर ठरतं. जानेवारीत पहाटे पुण्यात पारा 11-12 अंशांच्या आसपास असतो आणि रत्नागिरीत 18 ते 20. मोबाइलवर दोन्हीकडे आर्द्रता 80 टक्के दिसते आणि घाटावरचा धावपटू म्हणतो, सारखीच तर आहे. पण गार हवेत मुळात बाष्प मावतंच कमी. 12 अंशांच्या हवेतले 80 टक्के आणि 20 अंशांच्या हवेतले 80 टक्के यांची तुलना केली, तर दुसऱ्या हवेत दीडपटीहून जास्त बाष्प असतं. म्हणून टक्के सोडा, दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो आकडा. हवामानाच्या बहुतेक ॲपवर तो असतो. दवबिंदू 15 अंशांच्या खाली असेल तर धावणं सुखाचं होतं. 20 च्या वर गेला की ठरवलेला वेग घरी ठेवून यायचं.

याचं कारण आपल्या घामात आहे. धावायला ढोबळमानाने दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. 65 किलोचा माणूस तासाला 10 किलोमीटर धावला, तर 650 कॅलरी झाल्या. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होऊन अंगात साठतात, म्हणजे पावणेपाचशेच्या पुढे. एक लिटर घाम पूर्ण वाळला की सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटरहून जास्त घाम अंगावर वाळायला हवा. वाळायला, गळायला नव्हे. कोपरावरून टपटपणारा थेंब पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता अंगातच ठेवतो. घाटावरून आलेले धावपटू रत्नागिरीत भाट्याच्या पुलाशी थांबून मोजे पिळताना मी दरवर्षी बघतो. बुटातून चप् चप् आवाज येत असतो आणि चेहरा लाल झालेला असतो.

दोहाला 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री सोडली होती. तरीही तिशीच्या वरचं तापमान आणि दमट हवा यांमुळे 68 पैकी 28 जणींनी शर्यत मध्येच सोडली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. कोकणातली जानेवारी दोहाइतकी कठोर नसते, पण सूर्य नसला की दमट हवा माफ करते हा समज तिथे मोडला.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट असते ती वाऱ्याची. रात्री जमीन समुद्राआधी थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. थंडीत हा वारा बऱ्यापैकी कोरडा आणि गार असतो, घाम वाळवतो. दिवस तापला की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. या दोघांच्या मधल्या वेळेत, थंडीच्या दिवसांत साधारण साडेआठपासून साडेदहापर्यंत, वारा पडतो. पान हलत नाही. ऊन अजून कडक झालेलं नसतं, तरी अंग भाजतं ते याच वेळी. माझ्या हिशेबाने किनाऱ्यावरच्या शर्यतीचा खरा चढ हाच आहे, रस्त्यावरचा नव्हे.

आता शर्यती बघू.

रत्नागिरी. इथली कोकण कोस्टल मॅरेथॉन तशी नवी, 2024 च्या जानेवारीत सुरू झालेली. मुख्य आकर्षण हाफ, म्हणजे 21.0975 किलोमीटर. गर्दी मुंबईच्या मानाने नगण्य. इथे धावताना काजळी नदी समुद्राला मिळते ती खाडी, भाट्याचा पूल, पलीकडचं सुरूचं बन हे सगळं अंगावर येतं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पहाटे निघालेल्याला पहिला टप्पा अंधारात आणि मतलई वाऱ्यात मिळतो. अडचणीही आहेत. सावली तुटक आहे. पुलावर आणि खाडीकाठी ती जवळपास नाहीच. रत्नागिरीचा कुठलाही रस्ता किनारा सोडला की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो, त्यामुळे फक्त सपाटीवर सराव केलेल्याच्या पोटऱ्या बोलायला लागतात. रस्त्याच्या कडेला जांभ्याची खडी असते आणि रस्ता कडेकडे उतरता असतो. एकाच बाजूने सगळं अंतर धावलात, तर एक गुडघा दुसऱ्या दिवशी वेगळा लागतो. मधून धावा.

वसई-विरार. उत्तर कोकणातली ही शर्यत 2011 मध्ये सुरू झाली, आता डिसेंबरात होते. फुल (42.195 किलोमीटर) आणि हाफ दोन्ही आहेत. रस्ता बराचसा सपाट आणि शहरी, लोक दोन्ही बाजूंना उभे राहून ओरडतात. पहिली फुल करणाऱ्याला या ओरडण्याचा किती आधार असतो हे बत्तिसाव्या किलोमीटरलाच कळतं. समुद्र दिसेल म्हणून मात्र इथे जाऊ नका, तो फारसा वाट्याला येत नाही. मुंबईत नातेवाईक असतील तर राहण्याचा खर्च नाही आणि विरारला लोकल आहे. डिसेंबरात हवा अजून पुरती कोरडी झालेली नसते; काही वर्षी छान गारवा पडतो, काही वर्षी नोव्हेंबरच पुढे चालू असतो.

मुंबई. 2004 मध्ये सुरू झाली, आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. फुल पहाटे पाचच्या सुमारास सुटते. व्यवस्थेत ही सगळ्यांत पुढे: पाणी, बर्फ, स्पंज, डॉक्टर, मोजकं अंतर सोडून पुन्हा मदत. सी लिंकवरून पळत जाणं एरवी शक्यच नाही. पेडर रोडच्या चढाची आठवण वर्षानुवर्षे धावणारे अजून काढतात. पण हवा आमच्यासारखीच दमट, आणि हजारोंच्या गर्दीत सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर आपल्या वेगाने धावता येत नाहीत. नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते, आयत्या वेळी ठरवणाऱ्याला इथे दार बंद.

डिसेंबरात झुआरीच्या काठाने, वास्कोजवळ चिखलीला होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉनही धावपटूंच्या ओठांवर असते. सिंधुदुर्गातल्यांना ती मुंबईपेक्षा जवळ. रस्ता सुंदर आहे, पण सोबत येणाऱ्या मंडळींना गोवा दिसतो आणि आदल्या रात्री तुमची झोप जाते, हे मी दोनदा अनुभवलंय.

आता बहिणीचा हिशेब. तिची हाफ अडीच तासांची. समजा सहाला सुटली, तर साडेआठला संपते. म्हणजे वारा पडायच्या आत ती रेषेवर. फुलला तिला पाच तास वीस मिनिटं लागतील असा अंदाज. पाचला सुटली तर दहा वीसला पोचेल, आणि शेवटचे दहा किलोमीटर पडतील नऊ ते दहा वीस, बरोबर त्या निवांत, वारा नसलेल्या वेळेत, आधीच 32 किलोमीटर धावलेल्या अंगाने. मी तिला स्पष्ट सांगितलं: या वर्षी रत्नागिरीची हाफ, आणि फुल करायचीच तर पुढल्या वर्षी मुंबईत, जिथे नऊनंतरही बर्फ मिळण्याची खात्री आहे. तुम्ही चार तासांच्या आत फुल करणारे असाल, तर हा हिशेब उलटतो. मग कुठेही धावा. ऊन तुमच्या मागून येईल. त्यातही पहिली फुल असेल तर मी वसई-विरारला झुकतं माप देईन, सपाटी आणि माणसांमुळे.

महिना निवडता येत असेल तर जानेवारी. ऑक्टोबरात पावसाचं पाणी जमिनीतून वाफ होऊन निघत असतं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून कोकणात पारा एकदम उसळतो. पावसाळ्यातल्या धावण्याला मी शर्यत म्हणून मोजत नाही.

ज्यांना कोकण हवंय पण हा घाम नको, त्यांनी दापोलीचा सडा बघावा. समुद्र जवळ असूनही उंचीमुळे थंडीत तिथे पहाटे रत्नागिरीपेक्षा कितीतरी गार असतं. मिनी महाबळेश्वर हे नाव उगाच पडलेलं नाही. शर्यतीच्या आधी चार दिवस मोकळे असतील तर शेवटचा हलका सराव तिथे करून मग खाली या.

शर्यत कुठलीही निवडा, नोंदणीआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: शेवटचा धावपटू पोचेपर्यंत प्रत्येक टेबलावर पाणी असणार का? तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हाफला सतराव्या किलोमीटरच्या टेबलाशी पोचलो, तर जार आडवे पडलेले आणि ग्लासांचा ढीग. पुढच्या टेबलावरही तेच. डोकं हलकं व्हायला लागलं, दातांखाली जीभ कोरडी. रस्त्याकडेच्या घरातल्या एक काकू अंगणात सडा घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून काही न विचारता कळशीतलं पाणी तांब्यात ओतलं, आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हळू पी रे बाळा, बस जरा." दहा मिनिटं त्यांच्या पायरीवर बसून उरलेलं अंतर चालत गेलो. तेव्हापासून मी दोन किलोमीटरला एक टेबल आणि बर्फ या दोन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरत नाही.

मीठ महत्त्वाचं आहे. नुसतं पाणी भरभरून प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तेही उन्हाइतकंच जीवघेणं ठरतं. सरावाच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं राहा. तासाभरात एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं. मी कोकमाच्या आगळात मीठ-साखर घालून बाटली नेतो. आंबटपणामुळे दमट हवेत घशाखाली उतरतं.

घाटावरच्यांना दोन दिवस आधी येऊन अंगाला इथल्या हवेची सवय होत नाही. त्याला 10 ते 14 दिवस लागतात. पण ते घरी करता येतात: शेवटचे दोन आठवडे पहाटेऐवजी दुपारी चारला, हलक्या वेगाने तासभर धावा. घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. सवय सोडली की तीनेक आठवड्यांत ती जाते, म्हणून शर्यतीला चिकटूनच करा.

सोबत धावणारा कुणी असंबद्ध बोलायला लागला, दिशा चुकला, भांडायला लागला, तर त्याला 'दम काढ' म्हणू नका. अंगातलं तापमान 40 अंशांच्या पुढे गेल्याची ही खूण असू शकते. तिथेच सावलीत आडवं करा, बर्फाचं पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा, आणि गाडी बोलवा. आधी गार करणं, मग दवाखाना.

राहिली तिकिटं. कोकण रेल्वेची आरक्षणं आता 60 दिवस आधी उघडतात आणि शनिवार-रविवारची लगेच भरतात. कोल्हापूरकरांना आंबा घाटाने गाडी बरी. शनिवारी दुपारपर्यंत पोचा, रात्री वरण-भात आणि लवकर झोप. सुरमई आणि सोलकढी रविवारी दुपारी. परतीचं तिकीट संध्याकाळचंच काढा, म्हणजे जेवून दोन तास पाय वर करून पडता येतं. मामेबहिणीने मात्र सोमवारची रजाही टाकलीय, आणि तिची बाटली मी कोकमाने भरून ठेवणार आहे.