बोंडसडीवर ‘एकाच फवाऱ्यात इलाज’ : बाटली घेण्याआधी हे वाचा

कोल्हापूर उसाचा जिल्हा. कापूस असला तर तुरळक, नाहीतर सीमेपलीकडं बेळगाव भागात ज्यांची जमीन आहे त्यांच्याकडं. बोंड आतून सडलं तर विचारायला बांधावर जाणकार सापडत नाही, आणि मोटारसायकलवरून बाटल्या विकत फिरणाऱ्यांना नेमका असाच गिऱ्हाईक लागतो. "पाव्हणं, एक फवारा मारा, ढेकूण बी मरतंय आन् सड बी थांबतीया." (ढेकूण म्हणजे इथं बोंडातला रस शोषणारे किडे.) बाटलीवर ‘जैविक’ असं ठळक लिहिलेलं. बिल मागितलं की "मागनं पाठवतो".

शिरोळकडच्या एका शेतकऱ्यानं अशा बाटल्या घेतल्या. विकणाऱ्यानं बांधावरच प्रात्यक्षिक दाखवलं होतं. बरणीत लाल ढेकूण सोडले, वर थोडं औषध टाकलं, थोड्या वेळात ढेकूण उताणे. पण ‘जैविक’ म्हणून विकलेल्या अर्कानं कीड इतक्या झटक्यात पडली, तर आत एखादं रासायनिक स्पर्शविष (अंगाला लागताच किडा मारणारं औषध) मिसळलंय अशीच शंका घ्यावी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड (अशाच स्पर्शविषांचा एक गट) असेल तर किडी खाणारे मित्रकीटकही मरतात आणि पुढं पानांचा रस शोषणारी पांढरी माशी उसळते. इथंही तेच झालं. ढेकूण गेले, सडलेली बोंडं तशीच राहिली, वर पांढऱ्या माशीच्या चिकट्यानं पानं चिकट झाली.

सड का थांबली नाही, हे कळायला रोग शिरतो कसा ते बघावं लागतं. लाल ढेकूण, करडे ढेकूण, हिरवे ढेकूण यांची सोंड सुईसारखी असते. कोवळ्या बोंडाच्या सालीतून ती आत सरकीपर्यंत जाते आणि तिच्याबरोबर जिवाणू आत उतरतात. साधारण तीन आठवड्यांपर्यंतची बोंडं जास्त धोक्यात, पुढं साल निबर होते. बाहेरून बोंड हिरवंगार, चिरलं तर आतली रुई पिवळसर, गुलाबी किंवा तपकिरी, ओलसर. हीच पुढं कवडी (डागाळलेला, घट्ट चिकटलेला खराब कापूस) होऊन निघते. एकदा रुई आतून कुजली की जगातलं कुठलंही औषध ती परत पांढरी करत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के (10 लिटरला 25 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 35 ते 40 ग्रॅम) हे बुरशीनाशक बाहेरून संरक्षण देतं, बंद बोंडाच्या आत पोचत नाही.

म्हणून पैसे खर्चण्याआधी बोंडं चिरा. शेतात फिरून वेगवेगळ्या ठिकाणची वीसेक कोवळी बोंडं तोडा आणि ब्लेडनं उभी कापा. सालीच्या आतल्या बाजूला चामखिळीसारखा बारीक फुगवटा आणि त्याच्याच समोरची रुई डागाळलेली असेल, तर ढेकणाचं काम. सरकी पोखरलेली, आत विष्ठा किंवा अळी दिसली तर गुलाबी बोंडअळी. तिचं नियोजन पूर्ण वेगळं. पानावर शिरांच्या मधे कोनाकोनाचे ठिपके हा जिवाणूजन्य करपा, तो मुख्यत्वे बियाण्यातून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. पानं लाल पडली तर लाल्या. तो रोग नव्हे, त्यामागं बहुतेकदा मॅग्नेशियम किंवा नत्राची कमतरता असते. एकच बाटली या चारींवर चालते म्हणणारा माणूस सरळ सरळ खोटं बोलतोय.

तरी या बाटल्यांचं नाव का होतं? आतल्या सडीला ढगाळ हवा, संततधार आणि दाट वाढलेलं झाड लागतं. पाऊस उघडला की पुढच्या बोंडांतली सड आपोआप कमी होते. बाटली नेमकी पाऊस सरताना विकली जाते आणि श्रेय तिच्या पदरात पडतं. हा डाव उघडा पाडायला चार ओळी न फवारता सोडा आणि पंधरा दिवसांनी दोन्हीकडची बोंडं चिरून बघा. विकणारा त्याला तयार होत नाही, यातच काय ते समजा. खरं काम आधीचं असतं: युरियाचा मारा आवरायचा, झाडात हवा खेळती ठेवायची, बोंडाला चिकटलेल्या सुकल्या पाकळ्या हातानं काढायच्या, आणि बोंडं कोवळी असतानाच ढेकणांवर नजर ठेवायची.

लेबल वाचा. कीटकनाशक कायदा 1968 प्रमाणे नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, विषारीपणाचा रंगीत चौकोन आणि कुठल्या पिकावर, कुठल्या किडीला हे असायलाच हवं. ‘जैव उत्तेजक’ (पिकाची वाढ सुधारायला देतात ते) लिहिलेलं असेल तर ते 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतं आणि कीड मारण्याचा दावा त्याला करताच येत नाही. अनोळखी बाटली दुसऱ्या औषधात मिसळून तर मुळीच फवारू नका. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली.

फसलात तर रिकाम्या बाटल्या फेकू नका, आणि एक तरी सीलबंद ठेवा. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नमुना काढायचा अधिकार कीटकनाशक निरीक्षकाला असतो. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तिथं पहिला प्रश्न बिलाचा येतो. बॅच क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल नसेल, तर निदान पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आणि विकणाऱ्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा.