आधी स्किल लॅब की थेट वॉर्ड?
बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात हात बसवायचा कुठे, लॅबमधल्या पुतळ्यावर की वॉर्डात? सीपीआरसाठी, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्यासाठी, उत्तर सरळ आहे: लॅब. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हा ठेका पुतळ्यावरच अंगवळणी पडतो. वॉर्डात त्या घडीला शिकवायला कुणी मोकळं नसतं.

बीपीचं तसं नाही. सिम्युलेटरच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, हातातून आवाज स्वच्छ येतो. वॉर्डात शेजारच्या खाटेपाशी नातेवाईक बोलत असतात, आजींचा दंड बारीक, कफ सैल बसतो आणि नेमकी वरचा आकडा सांगणारी पहिली टकटक निसटते. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की कफ पाऱ्याच्या आणखी 30 मिमीपर्यंत फुगवायचा, हे पुस्तकात असतंच. त्याची गरज इथे पटते.

स्पंजिंग (ओल्या कापडाने अंग पुसणं) आणि कूस बदलणं यांत तर मी ठामपणे वॉर्डाच्या बाजूने आहे. पुतळा कण्हत नाही, पडदा ओढायचा राहिला तर संकोचत नाही. "आजी, आता या कुशीवर वळवते हं," असं सांगून मगच हात लावायची सवय माणसाजवळच लागते. माकडहाडापाशी दाबूनही न मावळणारी लाली ही बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली खूण. सावळ्या कातडीवर ती दिसेलच असं नाही. तिथली ऊब, टणकपणा बोटांनी चाचपावा लागतो. रबरी कातडी हे कसं शिकवणार?

इंजेक्शनला दोन्ही हवेत: आधी सरावाचं पॅड, मग ट्यूटरच्या नजरेखाली पेशंट. ट्यूटर कमी आहेत म्हणून हा क्रम कुठल्याही कॉलेजने मोडू नये.