मुलींची बास्केटबॉल बॅच: शिकवणं चांगलं, पण नियम बदला
माझी पोरगी न तिची मोमिनपुऱ्यातली मैत्रीण सोबतच जायच्या, शिकवणं खरंच मस्त आहे, ड्रिबलिंग, लेअप सगळं नीट करून घेतात, फी पण परवडते. पण मैत्रिणीनं क्लास सोडला त्याचं मला फार वाईट वाटून राहिलं. स्कार्फ चालणार नाही, हाफ पँटच पाहिजे म्हणे. काहून बाप्पा? बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबानं २०१७ मधेच डोक्याला स्कार्फ बांधून खेळायला परवानगी दिली, फुटबॉलवाल्या फिफानं तर २०१४ लाच, मग इथं साध्या प्रॅक्टिसला काय अडचण आहे? वरून लोकं म्हणतात मुस्लिम पोरींच्या घरचेच पाठवत नाहीत, अरे तिची अम्मी स्वतः ऑटोनं सोडायला यायची! लेडी कोच एकही नाही, चेंजिंग रूमच्या दाराला धड कडी नाही, बॅच सुटते अंधार पडल्यावर, रमजानपुरता टाइम बदला म्हटलं तर सरळ नाही. यातलं निम्मं तर माझ्या पोरीलाही नडते. फुल लेगिंग न स्पोर्ट्स स्कार्फ चालू द्या, बॅच साडेचारला घ्या, एक लेडी कोच ठेवा. सध्या दोनच स्टार देतो, ती पोरगी परत खेळायला आली की वाढवीन.