जुनी ट्रंक, तेलाचे डबे, घडीची खुर्ची: स्प्रे पेंटचा डबा कुठे उपयोगी, कुठे नाही

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक हॉलमध्ये बैठक म्हणून मांडायची असो, तेलाच्या रिकाम्या डब्यांत झाडं लावायची असोत किंवा गंजलेली घडीची खुर्ची पुन्हा वापरात आणायची असो, हल्ली पहिला सल्ला मिळतो तो स्प्रे पेंटचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४०० मिलीच्या आसपासचा, झटपट वाळणारा साधा डबा. वस्तू चांगली आहे, पण तिचं क्षेत्र लहान आहे. जाळी, नळ्या, उठावाची नक्षी, वेताची वीण, म्हणजे जिथे ब्रश शिरत नाही आणि शिरलाच तर ओघळ सोडतो, तिथे तिला तोड नाही. मोठ्या सपाट पत्र्यावर मात्र ऑइल पेंटचा छोटा डबा आणि चार इंची फोमचा रोलर स्वस्तही पडतो आणि जास्त टिकतो.

आधी हिशोब. डब्यात भरलेल्या ४०० मिलीचा मोठा वाटा रंगाला बाहेर ढकलणाऱ्या वायूचा आणि उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. ३० × १८ × १४ इंचांची ट्रंक तळ सोडून बाहेरून साधारण १३ चौरस फूट भरते. दोन-तीन पातळ हात मारायचे तर एक डबा कसाबसा पुरतो, दुसरा हाताशी ठेवावाच लागतो, आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, वेगळा. तेवढ्याच ट्रंकेला ऑइल पेंटचे दोन हात पाव लिटरच्या आसपास होतात. खुर्चीच्या बारीक नळ्यांवर निम्मा फवारा हवेत जातो, तरीही तिथे स्प्रेच घ्यावा, कारण गोल नळीवर ब्रशने एकसारखा हात बसवणं कठीण असतं.

रंग टिकणार की नाही, हे ठरतं खालच्या पृष्ठभागावर, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. साधा काळा लोखंडी पत्रा असेल तर काम सरळ आहे. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग २२० ने, थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि रेड ऑक्साइड या लालसर गंजरोधक प्रायमरचा एक हात. घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारला पाहिजे. दमट हवेत उघडा पत्रा रात्रभरात पुन्हा गंज धरतो. वर पांढरा, पिवळा किंवा फिका निळा रंग येणार असेल तर रेड ऑक्साइडऐवजी करडा मेटल प्रायमर घ्या. लालसर तळ झाकायला फिक्या रंगाचे जास्तीचे हात लागतात आणि रंगाचा खर्च वाढतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, म्हणजे जीआयची, गोष्ट वेगळी. खरवडलेल्या जागी किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला पाहा: राखाडी चकाकी आणि त्यात पानाफुलांसारखे चट्टे दिसले की तो जीआय. त्यावर थेट ऑइल पेंट लावला तर सुरुवातीला उत्तम दिसतो, पण रंगातलं तेल जस्ताशी हळूहळू प्रक्रिया करतं, मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंगाचे मोठे पापुद्रे सुटू लागतात. रेड ऑक्साइडने हे थांबत नाही. त्याला एच प्रायमर (etch primer), म्हणजे गुळगुळीत धातूला धरून बसणारा आम्लयुक्त प्रायमर, लागतो. तो आधी पातळ मारावा, डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत वाळू द्यावा आणि मगच वरचा रंग. स्टेनलेस स्टीलवरही रंग धरायला हाच प्रायमर लागतो. स्प्रे पेंट असो वा ऑइल पेंट, जीआयवर या एका पायरीत कसर केली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

१५ किलोचा तेलाचा डबा मात्र कथिलाचा मुलामा असलेल्या पातळ पत्र्याचा असतो. आतलं तेल साफ निघेपर्यंत कडक गरम पाणी आणि भांड्यांची पावडर, मग बाहेरच्या छापील भागावर ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने. जोर लावला की कथिल निघतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. कापलेल्या कडा आत दुमडून प्रायमर जरूर लावा, गंज पहिल्यांदा तिथेच दिसतो. तळाला आतून बाहेर खिळा ठोकून पाच-सहा भोकं पाडा, पण माती थेट भरू नका. नर्सरीची प्लास्टिकची कुंडी आत ठेवली की डबा कितीतरी जास्त चालतो.

जुना रंग आधीच असेल तर आणखी एक धोका. स्वस्त स्प्रेमधलं द्रावक तीव्र असतं. जुन्या ऑइल पेंटवर ते पडलं की खालचा रंग फुगतो आणि सुरकुत्या येतात, विशेषतः तो रंग काही महिन्यांपूर्वीच लावलेला असेल तर. म्हणून ट्रंकेच्या मागच्या बाजूला हातभर जागेवर फवारून तासभर थांबा. सुरकुती आली तर दोनच मार्ग उरतात: जुना रंग पूर्ण खरवडणं, किंवा स्प्रे बाजूला ठेवून ऑइल पेंटवर ऑइल पेंटच लावणं. दुसरा मार्ग शहाणपणाचा.

फवारणीचं तंत्र अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. आतली गोळी खडखडायला लागल्यानंतरही दोन मिनिटं डबा हलवा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. त्याहून जवळ धरलं तर ओघळ येतात, फार लांबून मारलं तर रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. नॉझल वस्तूच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचं आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचं दिसत राहील. हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण इनॅमल प्रकारच्या स्प्रेवर लिहिलेली वेळ पाळा. अशा रंगांना दुसरा हात ठरलेल्या मुदतीत किंवा पुरता सुकल्यावर लागतो. मधल्या काळात मारला तर आळून येतो. काम संपलं की डबा उलटा धरून नुसता वायू निघेपर्यंत दाबा, नाहीतर पुढच्या वेळी नॉझल बंद सापडतं.

मुंबई-कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलंच बरं. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळा किंवा गडद निळा रंग पांढुरका, धुरकट दिसतो. अशी जागा कोरड्या दिवशी एक पातळ हात मारून बहुतेक वेळा सुधारते. मे महिन्यातल्या भर दुपारी तापलेल्या पत्र्यावरही फवारू नये, बुडबुडे येतात. कोरड्या हिवाळ्यातली सकाळ सर्वांत उत्तम.

बोटाला रंग लागेनासा होतो तो पंधरा-वीस मिनिटांत, पण खरा कडकपणा यायला आठवडा जातो. तोवर वर काहीही रचू नका. पुढेही झटपट वाळणारा रंग उष्णतेने मऊ पडतो, म्हणून ट्रंकेचं टेबल केलं तर चहाच्या कपाखाली बशी किंवा चटई हवीच. नेलपॉलिश काढायचं पाणी सांडलं तर रंग जागीच विरघळतो. बैठक करायची असेल तर झाकणावर कडेपर्यंत येणारी १२ मिमीची प्लाय ठेवा आणि वर जुन्या साड्यांची गोधडी घडी करून घाला. प्लायशिवाय बसलं की पत्रा लवतो आणि रंगाला तडे जातात.

सोनेरी छटेच्या स्प्रेची शिफारस करता येत नाही. तो हाताला लागत राहतो. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, दिला तर लागणं थांबतं, पण चमक उतरते. फोटोफ्रेमसारख्या न हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंपुरता ठीक. प्लास्टिकच्या बादल्या, साठवणीचे डबे, मोल्डेड खुर्च्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असतो. त्यावर साधा स्प्रे धरतच नाही, नखाने सोलून निघतो. आणि पितळ-तांब्याच्या जुन्या भांड्यांवर कृपा करून रंग फवारू नका. चिंचेच्या कोळाने किंवा पीतांबरीने घासलेला तांब्या कुठल्याही रंगवलेल्या फुलदाणीपेक्षा सुंदर दिसतो. धान्य, पीठ, खाऊ ठेवण्याच्या डब्यांची आतली बाजू आणि तोंडाची कडही बिनरंगाचीच ठेवा.

यातला वायू पेट घेणारा असतो. स्वयंपाकघरात, गॅसच्या ज्योतीजवळ, देवघरात समई तेवत असताना फवारणं धोक्याचं आहे. गच्ची किंवा मोकळी गॅलरी, खाली वर्तमानपत्र, नाकातोंडाला द्रावकाची वाफ अडवणारा मास्क. साध्या कापडी रुमालाने वाफ अडत नाही. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, रिकामा झाला तरी भोक पाडू नका, कचऱ्याबरोबर जाळू नका. खरेदी करताना दुकानातच हलवून गोळी मोकळी वाजते का ऐका, तळाची कड गंजलेली असेल तर परत करा, आणि दोन डबे लागणार असतील तर एकाच बॅचचे, एकाच वेळी घ्या. वेगळ्या बॅचचा पांढरा शेजारी शेजारी सहसा जुळत नाही.