दोन राज्यांचा रिटर्न असेल तर इथे जा (नौपाडा, ठाणे)

अमेरिकेतले टॅक्स रिटर्न भरून देणारं नौपाड्यातलं ऑफिस, त्याचा हा अनुभव. थेट मुद्द्यावर येतो. मुलगा अमेरिकेत नोकरीला. भाड्याचं घर जर्सी सिटीत, म्हणजे न्यू जर्सी राज्यात, आणि ऑफिस नदीपलीकडे मॅनहॅटनला, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात. आम्ही जन्मभर ठाण्याहून व्हीटी गाठली, पण मुलुंड चेकनाका ओलांडला म्हणून कोणी वेगळा इन्कम टॅक्स मागितला नाही. तिकडे मागतात. आधीच्या कन्सल्टंटने डब्ल्यू-२ वर (तिकडचा फॉर्म १६च म्हणा) न्यूयॉर्क दिसलं एवढ्यावरून पोराला तिथला रहिवासी करून टाकलं होतं!

इथल्या मॅडमनी कागद बाजूला सारले. "रात्री झोपतोस कुठे? न्यूयॉर्कात खोली आहे? किल्ली कोणाकडे असते?"

तो म्हणाला, उशीर झाला तर मित्राच्या सोफ्यावर पडतो. भाडं देतोस का, कपडे ठेवतोस का, सगळं खोदून विचारलं. कारण घर दुसऱ्या राज्यात असलं, तरी न्यूयॉर्कमध्ये जवळपास वर्षभर स्वतःची राहायची जागा असेल आणि वर्षातले १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे गेले, तर न्यूयॉर्कही रहिवासी धरतं. तासभर ऑफिसला जाऊन आलात तरी तो दिवस अख्खा मोजतात. मुलाचे दिवस भरत होते, जागा नव्हती. सुटला! रहिवासी न्यू जर्सीचा. न्यूयॉर्कला बिगर-रहिवाशाचा आयटी-२०३ हा रिटर्न, आणि तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये. न्यूयॉर्क शहराचा वेगळा टॅक्सही वाचला, तो फक्त शहरात राहणाऱ्यांना.

घरून काम केलेले शुक्रवार मात्र चिरंजीवांना न्यूयॉर्कच्या हिशोबातून काढायचे होते. मॅडमनी विचारलं, घरून काम करणं कंपनीची गरज होती की तुझी सोय? सोय असेल तर ते दिवस न्यूयॉर्क आपलेच धरतं. तो गप्प. शुक्रवार राहिले तिथेच.

आता तक्रारी. फी राज्यागणिक वेगळी, घासाघीस चालत नाही. लिफ्ट नाही. फोन दुपारी उचलतच नाहीत. तिकडची मुदत १५ एप्रिल आणि इकडे मार्चअखेरची झुंबड, त्यामुळे फेब्रुवारीतच जा. घर आणि नोकरी दोन्ही टेक्सास किंवा फ्लोरिडात असेल, तर पगारावर राज्याचा टॅक्सच नसतो. तेवढ्यासाठी इथली फी भरू नका.