मागणीनुसार मोनोक्लोनल प्रतिपिंडे बनवून देणारी सेवा: काम चोख, चाळणी कच्ची

एकाच प्रतिजनाला (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या रेणूला) चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे बनवून देणाऱ्या एका सेवेकडे आमच्या प्रयोगशाळेने एका लहान पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) काम सोपवले होते. हाती आलेले प्रतिपिंड उत्तम आहे, पण ते मिळवताना आम्हाला जितके लक्ष घालावे लागले, तितके लागायला नको होते.

पद्धत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली मांडलेली, हायब्रिडोमाचीच आहे. लसीकरण केलेल्या उंदराच्या प्लीहेतील बी पेशींचा मायलोमा (कर्करोगी) पेशींशी संयोग घडवून ते मिश्रण हॅट या निवडक माध्यमात वाढवले जाते. त्यातील अमिनोप्टेरिनमुळे डीएनए घडवण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो, पर्यायी मार्गाचे विकर नसलेल्या मायलोमा पेशी मरतात, एकट्या राहिलेल्या बी पेशी तशाही फार दिवस तग धरत नाहीत, आणि संकरित पेशी, म्हणजेच हायब्रिडोमा, तेवढ्या उरतात. इथवर तक्रारीला जागा नाही.

अडचण चाळणीत, म्हणजे हवे ते प्रतिपिंड देणारे नमुने निवडण्यात, आली. लहान पेप्टाइड एकटे टोचून उंदराकडून पुरेसा प्रतिसाद मिळत नाही, म्हणून ते केएलएच या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. साहजिकच उंदीर त्या वाहकाविरुद्धही भरपूर प्रतिपिंडे तयार करतो. असे असताना सेवेने एलायझा या प्रतिपिंड चिकटते का ते दाखवणाऱ्या चाचणीसाठी तेच केएलएच जोडलेले पेप्टाइड वापरले आणि सकारात्मक नमुन्यांची लांबलचक यादी आम्हाला अभिमानाने धाडली. बीएसए या वेगळ्या वाहक प्रथिनाला जोडलेल्या पेप्टाइडवर चाचणी पुन्हा करण्याचा आग्रह आम्ही धरला, तेव्हा यादीतील बहुतेक नमुने गळाले. मोनोक्लोनलच्या व्यवसायात असलेल्यांना हे ग्राहकाने सांगावे लागणे खटकते.

पुढचे काम मात्र वाखाणण्याजोगे होते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात सरासरी एकाहून कमी पेशी पडेल इतके विरलन करून क्लोनिंग केले, ते पुन्हा एकदा केले, आणि निवडलेल्या खळग्यांची छायाचित्रेही दिली. आमचे प्रतिपिंड आयजीजी१ प्रकारचे निघाले. प्रतिपिंडे पकडून शुद्ध करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोटीन ए ला उंदराचा हा प्रकार सैल धरतो, हे ओळखून त्यांनी शुद्धीकरणासाठी आपणहून प्रोटीन जी वापरले.

प्रतिपिंडाच्या जनुकांचा अनुक्रम काढून देण्याचे शुल्क वेगळे आहे, तरी ते भरावे. हायब्रिडोमा पेशी कालांतराने गुणसूत्रे गमावून प्रतिपिंड स्रवणे थांबवू शकतात, आणि अनुक्रम हाती असल्यास तेच प्रतिपिंड दुसऱ्या पेशींत पुन्हा बनवता येते. काम सोपवण्यापूर्वी चाळणी कोणत्या वाहकावर होणार आणि वेस्टर्न ब्लॉट (वेगळ्या केलेल्या प्रथिनांपैकी प्रतिपिंड कशाला चिकटते ते पाहणारी) तपासणी त्यात धरली आहे की नाही, हे लेखी घ्यावे.